वाद जिंकला, पण पटलं कुणाला?

स्टेजवर सात मिनिटं खणखणीत बोलता येतं. पण घरात वडिलांसमोर, ग्रामसभेत नाहीतर इंटरव्ह्यूत आपलं म्हणणं पटवून द्यायची वेळ आली की त-त-प-प होतं. असं का होतं, यावर चक्क संशोधन झालंय.

कॉलेजात वादविवाद स्पर्धेची नोटीस लागली की पुढं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. ठरलेली चार पोरं नावं देतात. सर विषय सांगतात. कोण अनुकूल बोलणार, कोण प्रतिकूल, ते चिठ्ठीवर ठरतं. मग रात्रभर गुगल, एक शेर, दोन आकडे, आणि शेवटी ‘म्हणून मी या सभागृहाला ठणकावून सांगतो!’ टाळ्या. ढाल. ग्रुपवर फोटो. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, कुठंही जा, सीन हाच.

आता दुसरा सीन. ‘दुष्काळी भागात ऊस नकोच’ या विषयावर ढाल मिळवलेली मुलगी घरी येते आणि म्हणते, ‘बाबा, यंदा ऊस नको लावायला.’ बाबा एवढंच विचारतात, ‘मग काय लावू? भाव तू देणार का?’ संपलं. सात मिनिटांचं भाषण एका वाक्यात आडवं.

भाषण वाईट होतं का? नाही. पण ते परीक्षकांसाठी होतं, बाबांसाठी नव्हतंच.

चिठ्ठी आधी आपल्यालाच पटवते

पीटर श्वार्डमन, एगॉन त्रिपोदी आणि योएल व्हॅन डर वील या तीन अर्थशास्त्रज्ञांनी थेट आंतरराष्ट्रीय वादविवाद स्पर्धाच गाठल्या. तिथंही बाजू नशिबानं मिळते. बाजू मिळाली, तयारी झाली, पण वाद अजून सुरू व्हायचाय, अशा वेळी त्यांनी स्पर्धकांना विचारलं, तुमचं स्वतःचं मत काय? २०२२ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये हा अभ्यास छापून आला.

निष्कर्ष मजेशीर आहे. ज्याला जी बाजू मिळाली, ती त्याला मनातून पटायला लागली होती. आपलीच बाजू जास्त भक्कम आहे, असंही वाटायला लागलं होतं. म्हणजे समोरच्याला पटवायच्या आधी आपण स्वतःलाच पटवून मोकळे होतो. आणि प्रत्यक्ष वाद झाल्यावर? दोन्हीकडचे मुद्दे ऐकूनही मतं एकमेकांच्या जवळ आली नाहीत.

तुम्ही म्हणाल, पुरावा दाखवला की माणूस ऐकतो. त्याचीही परीक्षा होऊन गेलीय. १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ४८ विद्यार्थ्यांना फाशीच्या शिक्षेबद्दलचे दोन अभ्यास वाचायला दिले. एक फाशीच्या बाजूचा, एक विरोधातला. विद्यार्थीही निम्मे बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांनी वाचलं तेच. पण प्रत्येकानं आपल्या सोयीचा अभ्यास चांगला ठरवला, दुसऱ्यात खोट काढली आणि आपलं मत आणखी पक्कं झालं, असं सांगितलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंकवर लिंक टाकूनही भांडण का मिटत नाही, कळलं ना?

मग गप्प बसायचं का?

अजिबात नाही. एक कोडं सोडवा. टेबलावर चार पत्ते आहेत: अ, क, ४ आणि ७. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम खरा की खोटा, हे तपासायला कोणते पत्ते उलटावेच लागतील?

बहुतेक जण म्हणतात, अ आणि ४. उत्तर आहे अ आणि ७. कारण ४ च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम कोसळतो. आपली सवय अशी, की आपण आपल्या म्हणण्याला दुजोरा देणारा पत्ता उलटतो. ते खोटं पाडू शकेल असा पत्ता तसाच पडून राहतो.

डेव्हिड मॉशमन आणि मॉली गाइल यांनी १९९८ मध्ये याच जातीचं कोडं अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घातलं. एकेकट्यानं सोडवणाऱ्यांपैकी जेमतेम ९ टक्के बरोबर आले. पाच-सहा जणांच्या गटांपैकी ७५ टक्के गट बरोबर आले! कुणी सर शिकवायला नव्हते. ‘हे का? कशावरून?’ असं एकमेकांना विचारता विचारता ते उत्तराला पोचले.

ह्युगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर या अभ्यासकांनी २०११ मध्ये यामागचं कारण मांडलं. त्यांच्या मते माणसाची तर्कबुद्धी एकट्यानं सत्य शोधण्यापेक्षा एकमेकांशी वाद घालण्यासाठी घडलीय. स्वतःच्या मुद्द्यातलं भोक आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याच्या मुद्द्यातलं मात्र लगेच दिसतं.

मग स्पर्धेत मतं का हलत नाहीत आणि गटात का हलतात? फरक साधा आहे. स्पर्धेत हरायचं नसतं. गटात सगळ्यांना उत्तर हवं असतं.

तीन प्रकारचे वाद

हा फरक आपल्याकडं फार जुना आहे. न्यायसूत्रांमध्ये चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला करतात तो वाद. काहीही करून जिंकायला करतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त मोडायचं, ती वितंडा. ‘वितंडवाद घालू नकोस’ असं आजी म्हणते ना, तो शब्द तिथला. आपल्या स्पर्धा नावाला वादविवाद. आत बहुतेक जल्पच चालतो.

खरा वाद कसा दिसतो? धाराशिव जिल्ह्यातली कॉलेजं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याच्या नावातच उत्तर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. भाषण आधी वाचून मंडळ बिचकलं आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण १९३६ मध्ये स्वतः छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी काय केलं? गांधीजींचं म्हणणं आपल्याच पुस्तकात छापलं आणि त्याच्या पुढं आपलं उत्तर दिलं. दोन्ही वाचा आणि ठरवा! ज्याला आपल्या मुद्द्याची खात्री आहे, तोच विरोधकाला आपल्या घरात जागा देऊ शकतो.

आता उसाकडं या. बाबांची बाजू त्यांच्याइतकी नीट मांडून बघा. उसाला सरकार दर ठरवून देतं, कारखाना उचल करतो. सोयाबीनचा भाव काढणीच्या वेळी पडला तर दाद कुणाकडं मागायची? हे तुम्ही आधी बोललात, तर बाबा खुर्ची पुढं ओढतील. मग विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी राहतं, निम्म्या रानात ठिबक केलं तर खर्च किती, हे वहीवर मांडता येईल. कदाचित हिशोब बाबांच्या बाजूनं निघेल. निघू द्या. तोही निकालच आहे.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. संतमेळ्यात कोण कच्चं, कोण पक्कं, हे त्यांनी मडक्यासारखं डोक्यावर थापटून बघितलं. बाकीचे शांत बसले. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. पण गोष्ट तिथं संपत नाही. ते मनाला लावून घेऊन नामदेव गुरूच्या शोधात निघाले. थापी बसल्यावर राग येणारच. त्यानंतर आपण काय करतो, त्यावर मडकं भाजतं.

हे करून बघा

चिठ्ठी उलटा: सरावात निम्म्या वेळानंतर बाजू बदला. चिठ्ठीनं तुम्हाला किती फिरवलं होतं, ते कळेल.

‘हो, हेच!’ टेस्ट: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं सांगा, की तो स्वतः ‘हो, मला हेच म्हणायचंय’ म्हणेल.

७ चा पत्ता शोधा: ‘काय दिसलं तर मी माझं मत बदलेन?’ हे वहीत लिहा. काहीच सुचलं नाही, तर ते मत नव्हे, हट्ट आहे.

दोनदा हात वर: स्पर्धेआधी आणि नंतर प्रेक्षकांचं मत घ्या. किती जण हलले, त्यावर एक बक्षीस ठेवा. सरांना सांगून बघा, खर्च शून्य.

पाच जण जमवा: हॉस्टेलच्या खोलीत, लायब्ररीच्या कट्ट्यावर आठवड्यातून एकदा एक प्रश्न घ्या. ढाल नाही, परीक्षक नाही. ‘कशावरून?’ एवढाच नियम.