मनोरा नसलेल्या तळावर विमानांची टक्कर कशी टळते?

श्रोतेहो, मोठ्या विमानतळावर एक उंच मनोरा असतो आणि त्यांतील नियंत्रक प्रत्येक वैमानिकाला थांबण्याची वा उतरण्याची अनुज्ञा देतात, हें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु ज्या अमेरिकेंत विमानविद्येचा एवढा प्रसार झाला, तेथील सुमारें ५,००० सार्वजनिक विमानतळांपैकीं ५०० च्या आसपास तळांवरच असा मनोरा आहे. इतर ठिकाणीं एखादी धांवपट्टी, वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी आणि विमानें ठेवण्याच्या चार छपऱ्या, एवढाच काय तो संसार. तेथें आज्ञा देणारा कोणी नाहीं. मग तेथील विमानें एकमेकांवर आदळत कां नाहींत, आणि क्वचित् आदळतात तीं कां, याचा आज विचार करूं.

पहिला आधार ठरलेल्या वाटेचा. येथें फळा नाहीं, म्हणून श्रोत्यांनीं मनाशींच एक लांबट चौकोन काढावा. त्याची एक लांब बाजू म्हणजे धांवपट्टी. उतरूं पाहणारें विमान सामान्यतः जमिनीपासून १,००० फूट उंचीवर, समोरच्या लांब बाजूवरून, वारा पाठीशीं घेऊन जातें. धांवपट्टीचें टोक मागें पडल्यावर तें एकदां डावीकडे वळतें, पुन्हां एकदां डावीकडे वळतें, आणि वाऱ्यास तोंड देऊन खालीं येतें. उजव्या वळणांची खूण केलेली नसेल तर सर्व वळणें डावींच. बाहेरून येणाऱ्यानें समोरच्या बाजूच्या मध्याशीं ४५ अंशांचा कोन करून त्याच उंचीवर या वाटेस मिळावें, अशी शिफारस आहे. उतरणीच्या अखेरच्या टप्प्यांत असलेल्या विमानाचा हक्क पहिला. दोन विमानें एकदम उतरूं लागलीं तर खालच्याचा. मात्र त्या हक्काच्या बळावर दुसऱ्याच्या पुढें घुसण्याची मुभा नाहीं.

वाट ठरलेली असली म्हणजे दुसरा कोठें सांपडेल हें कळतें, हा तिचा खरा उपयोग. २०२२ सालीं १८ ऑगस्ट रोजीं कॅलिफोर्नियांतील वॉट्सनव्हिल येथें एक लहानसें एक-इंजिनी विमान हा चौकोन पुरा करीत होतें. त्याच वेळीं दोन इंजिनांचें एक वेगवान विमान चौकोनांत न शिरतां दुरून सरळ उतरावयास आलें. तसें येणें निषिद्ध नाहीं. पण मग पाहण्याची जबाबदारी वाढते. दोघेही आपली जागा रेडिओवर सांगत होते. तरीही धांवपट्टीजवळ दोन्हीं विमानें आदळलीं आणि ३ माणसें प्राणांस मुकलीं.

यावरून आपण दुसऱ्या आधाराकडे येतों. तो वाणीचा. अशा प्रत्येक तळासाठीं सामाईक रेडिओलहरी नेमून दिलेली असते. वैमानिकानें सुमारें १० मैलांवरून, आणि पुढें प्रत्येक वळणावर, आपलें विमान, जागा व हेतु सर्वांना ऐकूं जाईल असा सांगावा, हा शिष्टाचार आहे. परंतु अशा पुष्कळ तळांवर रेडिओ बाळगण्याची कायद्यानें सक्ती नाहीं. म्हणजे मुकें विमानही तेथें हक्कानें येऊं शकतें. शिवाय, बोललेलें ऐकलें जाईलच असें नाहीं आणि ऐकलेलें खरें असेलच असेंही नाहीं.

१९९६ च्या नोव्हेंबरची १९ तारीख, इलिनॉय संस्थानांतील क्विन्सी गांवचा तळ, वेळ तिन्हीसांजेची. १२ जणांना घेऊन एक प्रवासी विमान उतरत होतें. त्याच्या पट्टीस छेदणाऱ्या दुसऱ्या पट्टीच्या तोंडाशीं 'किंग एअर' जातीचें विमान उभें होतें व त्याच्या मागें आणखी एक लहान विमान. प्रवासी विमानानें विचारलें कीं, त्या पट्टीवरील विमान थांबणार कीं उडणार? उत्तर आलें, पण तें मागच्या लहान विमानाकडून. त्याच क्षणीं प्रवासी विमानांतील उंची सांगणारें यंत्र मध्येंच बोललें आणि उत्तराचे कांहीं शब्द बुडाले. किंग एअरच थांबत आहे असें समजून प्रवासी विमान उतरलें. किंग एअर धांवूं लागलें. आणि दोन्हीं पट्ट्यांच्या छेदावर टक्कर होऊन १४ जण मृत्युमुखीं पडले. किंग एअरमधील वैमानिकांनीं सामाईक लहरीवर नीट लक्ष ठेविलें नाहीं अथवा सभोंवार नीट पाहिलें नाहीं, असा चौकशीचा मुख्य निष्कर्ष निघाला.

म्हणून शेवटचा आधार डोळ्यांचाच. परंतु डोळाही फसतो. हलणारी वस्तु आपल्या नजरेंत चटकन् भरते. आणि आपल्यावर आदळणारें विमान तर कांचेवर एकाच जागीं स्थिर ठिपक्यासारखें दिसतें, कारण दोघांमधील दिशा बदलतच नाहीं. तो ठिपका बराच वेळ ठिपकाच राहतो आणि अखेरच्या कांहीं क्षणांत एकाएकीं मोठा होतो. आतां थोडें गणित. दुसरें विमान दिसल्यापासून आपलें विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत सुमारें १२.५ सेकंद जातात. ताशीं १२० सागरी मैलांच्या वेगानें दोन विमानें समोरासमोर आलीं तर तेवढ्या वेळांत त्यांच्यामधील सुमारें दीड किलोमीटर अंतर सरतें. म्हणून आकाशाचे १०-१० अंशांचे भाग पाडून प्रत्येकावर निदान एक सेकंद दृष्टि स्थिर करावी, असें शिकवितात. भिरभिरत्या नजरेस दूरचें विमान दिसत नाहीं. पंख वर असलेल्या विमानांतून वरचें दिसत नाहीं, पंख खालीं असलेल्यांतून खालचें. उतरतांना एकावर एक आलेल्या अशा दोघांस एकमेकांचा पत्ताही लागत नाहीं.

२०२० सालापासून अमेरिकेंत ठराविक आकाशक्षेत्रांत आपलें स्थान आपोआप कळविणारें यंत्र सक्तीचें झालें आहे व त्याचा उपयोग मोठा आहे. पण अनेक लहान तळांभोंवतीं ती सक्ती नाहीं, आणि तेथें यंत्राच्या पडद्यावर न उमटणारें विमान आकाशांत असूं शकतें. म्हणून सुज्ञ वैमानिक, वाट मोकळी असल्याचें कानांनीं ऐकलें तरी, पट्टीवर शिरण्यापूर्वीं थांबून दोन्हीं बाजूंच्या उतरणी आणि आडवी पट्टी एकवार डोळ्यांनीं न्याहाळतो. त्याला फार तर अर्धें मिनिट लागतें.