उन्हावरचे दिवे

उन्हाचे दाम कोणी मागत नाही. कोळसा व तेल यांच्या धुराने पृथ्वी तापत आहे, हेही आता सर्वांस ठाऊक आहे. मग गरीब देश केवळ उन्हावरच वीज का करीत नाहीत? याचे उत्तर बांगलादेशातील खेड्यांत सापडते.

या शतकाच्या आरंभी तेथील खेड्यांतल्या बहुतेक घरांत विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या. दिवेलागणीला घरोघरी रॉकेलची चिमणी पेटे. तिचा उजेड थोडा आणि धूर फार! परंतु रॉकेल बाटलीभर घेता येते. हाती पैसा असेल तेवढेच घ्यावे. सौर पॅनेलचे तसे नाही. पॅनेल, बॅटरी, दिवे असा सारा संच एकदम विकत घ्यावा लागतो. पुढे वीसएक वर्षे ऊन फुकट; पण त्याचे बहुतेक मोल पहिल्याच दिवशी मोजायचे! ज्याची मिळकत रोजची, त्याने ते आणावे कोठून?

२००३ साली इडकॉल या तेथील सरकारी वित्तसंस्थेने यावर तोड काढली. जागतिक बँकेसारख्या संस्थांकडून मिळालेला पैसा ती खेड्यांत काम करणाऱ्या संस्थांस देई. त्या संस्था गिऱ्हाइकाकडून थोडी रक्कम आगाऊ घेऊन संच बसवीत. बाकीचे पैसे दोनतीन वर्षांत मासिक हप्त्यांनी फिटत. संचाची दुरुस्तीही त्याच पाहत, आणि मला तर योजनेचे खरे मर्म तेथेच दिसते. २०१८ पर्यंत ४० लाखांहून अधिक घरांत असे दिवे लागले. पुढे गावोगाव तारा आल्या, तेव्हा कित्येकांनी संच बाजूस ठेवले व हप्तेही थकविले, हे मात्र सांगितलेच पाहिजे.

जी गत घरांची, तीच देशांची. उन्हावरचे किंवा वाऱ्यावरचे मोठे वीजकेंद्र उभारण्यासही आरंभीच पुष्कळ भांडवल लागते. पैसा बुडेल या भीतीने सावकार गरीब देशाकडून अधिक व्याज मागतो. त्यामुळे तीच वीज तेथे महाग पडते. हवेत अधिक धूर सोडून श्रीमंत झालेल्या देशांनी येथे हात दिला पाहिजे, ही मागणी मला न्याय्य वाटते. २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन त्यांनी २००९ मध्ये कोपनहेगन येथे दिले होते. ते पुरे झाले २०२२ साली. त्यातही बराच भाग कर्जाचा होता. २०२४ मध्ये बाकू येथील परिषदेत, २०३५ पर्यंत दरसाल ३०० अब्ज डॉलर असा नवा आकडा ठरला. ही रक्कम फारच तोकडी आहे, असे भारताच्या प्रतिनिधीने त्याच सभेत सांगितले.