पांढरे छप्पर

पत्र्याचे दोन सारखे गंजके डबे घ्या. एकाला बाहेरून चुना लावा आणि दोन्ही तासभर उन्हात ठेवा. मग आत तापमापक धरून पाहा. चुन्याचा डबा कमी तापलेला आढळेल. का बरे? पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवतो. गंजका ते शोषून घेतो.

पत्र्याचे घर म्हणजे असाच मोठा डबा. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंश सेल्सियसवर चढला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू अधिक झाले. २०१३ मध्ये शहराने उष्णतेला तोंड देण्याची योजना आखली. पुढे २०१७ मध्ये स्वयंसेवकांनी गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी रंगवली. अशा छपराखाली तापमान २ ते ५ अंशांनी उतरते.

पण उष्णतेच्या लाटा तीव्र का होत आहेत? कोळसा व तेल जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. पत्र्याखालच्या मजुराकडे ना मोटार, ना वातानुकूलन यंत्र. त्या वायूत त्याचा वाटा नगण्य. चटका मात्र आधी त्यालाच! ज्यांनी अधिक धूर सोडला त्यांनी अधिक भार उचलावा, या विचाराला ‘हवामान न्याय’ म्हणतात. चुन्याने घर थोडे निवते. हा हिशेब मात्र अजून चुकता व्हायचा आहे.