अद्भुतांत पदार्थविज्ञानाचा अधिकार

सुटींत पुण्यामुंबईहून आमच्या अणदुरास येणारीं मुलें हल्लीं एक बैठा खेळ बरोबर आणतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं तो १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे वीर, मांत्रिक, चोर होतात. आणि कृतीचें फळ संशयित असेल तेथें फांसे टाकतात. त्यांत नेहमीं एक वाद माजतो. मंत्रानें अग्नि निघतो त्या जगांत शाळेंतलें पदार्थविज्ञान चालवावें काय?

मुळींच चालवूं नये, हा पक्ष आम्हांस मान्य नाहीं. कड्यावरून पडून इजा होत नसेल तर उडणाराचें कौतुक कोण करील? किष्किंधाकांडांत समुद्रतीरीं वानर आपापली शक्ति सांगतात: गज दहा योजनें, गवाक्ष वीस, अंगद शंभर, पण त्यास परतण्याचा भरंवसा नाहीं. एवढें माप मांडल्यावरच वाल्मीकि हनुमंतास उडवितो.

खेळाच्या २०१४ च्या नियमांतही दर दहा फूट पतनास इजेचा एक फांसा आहे. पतनाची ऊर्जा उंचीच्या प्रमाणांत वाढते, तेव्हां हें शास्त्रास धरूनच झालें. वीस फांशांवर मर्यादा घातली आहे, ती खेळाच्या सोयीची. तिच्याशीं आम्ही भांडत नाहीं.

भांडण आहे तें दुसऱ्याच चतुराईशीं. एक फेरी म्हणजे सहा सेकंद. दोन हजारांवर शेतकरी रांगेंत उभे करून नियमाच्या आधारें एक काठी हातोहात देत नेली, तर ती त्याच फेरींत दोन मैल जाते. मग खेळणारा म्हणतो, आतां पदार्थविज्ञान लावा; एवढ्या वेगाची काठी राक्षसास ठारच करील! हा शुद्ध अर्धजरतीय न्याय झाला. शास्त्र घ्याल तर काठी इतक्या वेगानें गेलीच नाहीं. नियम घ्याल तर शेवटचा शेतकरी ती साध्या माणसासारखीच फेंकणार. २०२४ च्या सूत्रधारग्रंथांत ही युक्ति स्पष्टपणें नाकारली आहे, तें योग्यच झालें. असल्या युक्तिवादानें बैठकी मोडतात, आणि मोठीं मुलें धाकट्यांस रडवितात.

पदार्थविज्ञानानें रसभंग होतो असें ज्यांस वाटतें त्यांनीं पावसाळ्यांत जवळच्या नळदुर्गास जावें. बोरी नदीच्या बांधावरून लोट कोसळत असतात, आणि त्याच बांधाच्या पोटांतील पाणीमहाल कोरडा! अशा महालांत आपल्या चोरास शिरवायचें असेल, तर पाणी कोठून येतें व कोठें जातें हें सूत्रधारानें आधींच ठरवून ठेवावें. चोर तें विचारणारच.