चाळीस दिवसांचा आवाज

रेसच्या ट्रॅकचे नकाशे जमवण्याचा नाद मला पंचवीसेक वर्षांपासून आहे. कोणत्या साली कोण जिंकलं असं विचारलंत तर अडखळेन, पण थ्रक्स्टनचा ट्रॅक डोळे मिटून काढून दाखवेन. ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपचे आठही ट्रॅक एका रात्री जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो होतो. बघता बघता लक्षात आलं, की त्यांतल्या चार नकाशांखाली दुसराच एक नकाशा आहे. उपग्रहाच्या छायाचित्रांत तो स्पष्ट दिसतो. हिरव्या शेतांत एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या, इंग्रजी 'ए' अक्षरासारख्या, आणि त्यांना वेढणारा एक वळसा. सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, थ्रक्स्टन आणि क्रॉफ्ट हे चारही दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ आहेत.

ही स्पर्धा १९५८ची. जॅक सिअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण सारखे झाले आणि मग ब्रँड्स हॅचला दोघांना सारख्याच रायली गाड्या देऊन, मध्ये त्यांची अदलाबदल करून निकाल लावला, हा किस्सा या खेळाच्या प्रेमिकांना पाठ आहे. त्यात शिरत नाही. मला घोर लागला तो जमिनीचा.

युद्ध संपलं तेव्हा इंग्लंडमध्ये रेस लावायला जागाच नव्हती. ब्रुकलँड्सची जमीन विमानं बांधणाऱ्या व्हिकर्स कंपनीने घेतली होती. डॉनिंग्टन पार्कमध्ये लष्कराच्या गाड्यांचा तळ होता, तिथे पुन्हा रेस व्हायला १९७७ उजाडलं. सार्वजनिक रस्ते बंद करून रेस घ्यायला कायद्याची मनाई. उरलं ते बॉम्बरसाठी ओतलेलं आणि आता कुणालाच नको असलेलं काँक्रीट. या तळांचा साचा ठरलेला होता: मुख्य धावपट्टी २,००० यार्ड लांब, इतर दोन १,४०० यार्डांच्या, आणि बाजूने ५० फूट रुंद वळसा, ज्यावरून विमानं रांगेने उड्डाणाच्या टोकाशी जायची. त्या वळशावर गाडी घातली की ट्रॅक तयार. सिल्व्हरस्टोनच्या १९४८च्या पहिल्या ग्रां प्रीत तर धावपट्ट्याही वापरल्या होत्या. दोन बाजूंनी गाड्या मध्याकडे समोरासमोर झेपावत यायच्या आणि वळून परत जायच्या. पुढच्या वर्षी नुसता वळसा ठेवला.

थ्रक्स्टनबद्दल एवढंच सांगतो की फेब्रुवारी १९४२मध्ये ब्रुनेव्हालचं जर्मन रडार पळवून आणणारे छत्रीधारी सैनिक इथूनच उडाले, आणि आजही ट्रॅकच्या पोटात छोटी विमानं उतरतात. चॅम्पियनशिपमधला हा सर्वांत वेगवान ट्रॅक, पण रेसला वर्षातून बाराच दिवस मुभा. हा बाराचा आकडा मला बरेच दिवस छळत होता. इतका देखणा ट्रॅक आणि बारा दिवस? दिवस मोजतं कोण, आणि का? त्याचं उत्तर शोधता शोधता मी क्रॉफ्टला पोचलो, आणि तिथेच अडकलो.

क्रॉफ्ट यॉर्कशरच्या उत्तर टोकाला, डार्लिंग्टनच्या दक्षिणेला आहे. शेजारचं क्रॉफ्ट-ऑन-टीज हे गाव लुइस कॅरोलच्या बालपणाचं. त्याचे वडील १८४३पासून तिथल्या चर्चचे रेक्टर होते. विमानतळ १९४१चा. १९४३च्या अखेरीस तिथे कॅनडाच्या हवाई दलाच्या ४३१ आणि ४३४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रन आल्या, आधी हॅलिफॅक्स आणि मग लँकेस्टर विमानं घेऊन. १९४५मध्ये त्या मायदेशी गेल्या. १९६४मध्ये तिथे रीतसर रेस सुरू झाल्या, १९८१च्या सुमारास थंडावल्या, आणि नव्वदीच्या मध्यात ट्रॅकची पुन्हा बांधणी झाली. १९९७पासून टूरिंग कार तिथे येऊ लागल्या. आता लांबी साधारण ३.४ किलोमीटर. एका वळणाचं नाव 'टॉवर' आहे, विमानतळाच्या कंट्रोल टॉवरवरून.

बांधणी झाली, आणि वर्दळ वाढली. राष्ट्रीय स्पर्धा वर्षातून एकदा येते. ट्रॅकचं पोट भरतं ते बाकीच्या दिवसांवर. पैसे भरून आपली गाडी पळवायला येणारे हौशी लोक, चाचण्या, क्लबच्या रेस. १९९८मध्ये आवाजाबद्दल एक करार झाला. त्यात दिवसांची प्रतवारी आहे, एन-१ म्हणजे सर्वांत गोंगाटाचा दिवस, एन-५ म्हणजे सर्वांत शांत, आणि कोणत्या प्रतीचे दिवस किती याचा हिशेब. कागदावर हे नेटकं दिसतं. पण ज्यांची घरं त्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांना तो हिशेब कानांनी सोसावा लागतो. अखेर शेजारच्या काही कुटुंबांनी दावा लावला.

त्या दाव्याचं निकालपत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका बैठकीत संपवलं. रेसवर लिहिलेलं इतकं बारकाईचं दुसरं काही माझ्या वाचनात नाही. गाडीचं, ड्रायव्हरचं नाव नाही, आहे तो फक्त आवाज: किती मोठा, किती वेळ, आठवड्यातल्या कोणत्या वारी, आणि बागेत खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला त्याने काय होतं.

ट्रॅकचं म्हणणं सोपं होतं. आमच्याकडे परवानगी आहे, करार आहे, रेस इथे साठच्या दशकापासून आहे. हा परिसर आता रेसचाच परिसर. २००८मध्ये न्यायमूर्ती सायमन यांनी ते मानलं नाही. बांधकामाची परवानगी म्हणजे शेजाऱ्याला छळण्याचा परवाना नव्हे, आणि इतकं होऊनही हा परिसर मुळात ग्रामीणच राहिला आहे, असं त्यांनी ठरवलं. उपद्रव सिद्ध झाला. वर्षाला चाळीस गोंगाटी दिवस शेजाऱ्यांनी सोसावेत, त्यापुढे नाही, अशी रेषाही त्यांनी आखली. पण मनाईहुकूम दिला नाही. सुमारे दीड लाख पौंड भरपाई द्या, असं सांगितलं. म्हणजे रेषा आखली, आणि ती ओलांडायची किंमतही ठरवून दिली.

इथे इंग्लिश कायद्यातला एक जुना खलबत्ता आठवतो. लंडनच्या एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात दोन मोठे खल होते, वीस वर्षांहून जास्त काळ त्यांत कुटणं चालू. मागच्या बाजूला राहणाऱ्या डॉक्टरने बागेच्या टोकाला, नेमकी त्याच भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि आवाजाने छातीचे ठोके ऐकता येईनात. मिठाईवाला म्हणाला, मी आधीपासून आहे. १८७९मध्ये कोर्टाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. पुढे १८९५मध्ये वीजकंपनीच्या एका खटल्यात तत्त्व पक्कं झालं, की उपद्रव करणाऱ्याने पैसे मोजून तो चालू ठेवण्याचा हक्क विकत घ्यायचा नाही. नुकसान किरकोळ, पैशात मोजण्याजोगं, थोड्या पैशात भरून निघणारं आणि मनाईहुकूम अन्यायाचा ठरणारा असेल, तरच भरपाईवर भागवावं.

क्रॉफ्टचे शेजारी याच तत्त्वावर अपिलात गेले, आणि जानेवारी २००९मध्ये जिंकले. गोंगाटाचे दिवस वर्षाला चाळीस, असा मनाईहुकूम निघाला.

माझं मत स्पष्ट आहे. मी आयुष्यभर या ट्रॅकांवर प्रेम केलं, आणि तरी तो निकाल मला न्याय्य वाटतो. दीड लाख पौंडांत दुपारची शांतता परत येत नाही, ती नसल्याची पावती मिळते. शिवाय कोर्टाने रेस बंद केली नाही. ट्रॅकवाल्यांना चाळीस दिवस दिले आणि सांगितलं, यातच बसवा. २०१४मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सफोकमधल्या एका स्पीडवे स्टेडियमच्या आवाजाच्या खटल्यात १८९५चा तो नियम पाढ्यासारखा लावणं चूक आहे असं म्हटलं, आणि लॉर्ड न्यूबर्गर यांनी क्रॉफ्टच्या अपिलावर त्याच कारणाने टीका केली. सर्वसाधारण तत्त्व म्हणून मला ते पटतं. क्रॉफ्टपुरतं पटत नाही. तिथे रेषा आखलेली होतीच, ती पाळायला लावणं एवढाच प्रश्न होता.

२०११च्या उन्हाळ्यात क्रॉफ्टला गेलो. टीसाइडला डॉक्टरकी करणारा मावसभाऊ गाडी चालवत होता. शनिवारी पात्रता फेरी ट्रॅकवरून पाहिली. दोन लिटरच्या गाड्या टॉवरच्या वळणाआधी एका रांगेत गिअर खाली टाकायच्या, तो खणखणीत आवाज छातीत बसायचा. असं वाटलं की इथून हलूच नये.

रविवारी दुसऱ्या रेसला मी मुद्दाम बाहेर पडलो आणि डाल्टन गावातल्या एका गल्लीत जाऊन उभा राहिलो. भाऊ म्हणाला, "अरे, एवढ्या लांब येऊन रेस चुकवतोस?" गल्लीत दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं, पलीकडे हिरवं शेत. इथे गर्जना नव्हती. वाऱ्याबरोबर एक चढती रेघ यायची, मग खालचा गिअर, मग पुन्हा चढती रेघ. दीड मिनिटाच्या आत तोच सगळा क्रम पुन्हा. पहिल्या पाच फेऱ्या मी आवडीने ऐकल्या. दहाव्या फेरीला माझं मन पुढचा आवाज यायच्या आधीच त्याची वाट पाहू लागलं. पंधराव्या फेरीला लक्षात आलं, की भाऊ मघापासून मला काहीतरी सांगतोय आणि मी एक शब्द ऐकलेला नाही.

रेस संपली. गल्लीच्या टोकाशी कॅनडाच्या वैमानिकांचं स्मारक आहे, तिथवर चालत गेलो. भाऊ दोन्ही स्क्वॉड्रनचे आकडे वाचत होता, तेवढ्यात शेतातून चंडोल ओरडत वर गेला. तो खाली येईपर्यंत आम्ही दोघं उभे राहिलो. मग ट्रॅककडून लाउडस्पीकरवर तिसऱ्या रेसची घोषणा ऐकू आली, आणि मी घाईघाईने परत निघालो. त्या वर्षीच्या चाळीसांतले दोन दिवस संध्याकाळी संपणार होते, आणि तिसरी रेस मला चुकवायची नव्हती.