टस्केजीची वीटभट्टी

वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळें टस्केजी हें नांव मराठी वाचकांस परकें राहिलेलें नाहीं. कार्व्हर तेथें १८९६ सालीं गेले. त्यापूर्वींच्या, त्या शाळेच्या आरंभींच्या एका उद्योगाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहोंत.

अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपली. पण मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हातीं ना जमीन होती, ना भांडवल. त्यांच्यासाठीं अलाबामा संस्थानांत टस्केजी येथें १८८१ सालीं शाळा निघाली. सरकारनें शिक्षकांच्या वेतनापुरते वर्षास २,००० डॉलर मंजूर केले. जागेसाठीं व इमारतीसाठीं कांहींच नाहीं. मुख्याध्यापक बुकर वॉशिंग्टन हे स्वतः गुलामगिरींत जन्मलेले. त्यांनीं कर्ज काढून एक ओसाड मळा घेतला आणि इमारतीच्या विटा विद्यार्थ्यांनींच पाडाव्या असें ठरविलें. गांवांत दुसरी वीटभट्टी नव्हती. तेव्हां उरलेल्या विटांस गिऱ्हाईक मिळेल, हाही हिशेब त्यांत होता.

गुडघाभर चिखलांत तासन्‌तास उभें राहणें मुलांस रुचेना. कित्येक शाळा सोडून गेले. पालकही तक्रार करूं लागले कीं, मुलगा पुस्तकें शिकावयास पाठविला आहे, मजुरीस नव्हे. (ही तक्रार आपल्याकडेही अगदींच अपरिचित नाहीं!) शिवाय विटा भाजणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं. सर्व विटांस आंच सारखी लागेल अशी रचना साधावी लागते आणि ती आंच कित्येक दिवस राखावी लागते. पहिली भट्टी फसली, दुसरीही फसली. तिसरी, काम पुरें होण्यास थोडे तास उरले असतां, मध्यरात्रीं कोसळली. पैसा संपला. तेव्हां वॉशिंग्टन यांनीं आपलें घड्याळ १५ डॉलरांस गहाण ठेवून चौथी भट्टी लाविली, आणि ती साधली.

वीट चांगली निघाली, तसे गांवचे गोरे लोकही ती विकत नेऊं लागले. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाविषयीं ज्यांस मुळींच आस्था नव्हती, तेही त्यांत होते. पुढें एकेका हंगामांत १२ लक्ष विटा निघूं लागल्या. १९०० सालीं वॉशिंग्टन यांनीं बोस्टन येथें कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांचा राष्ट्रीय संघही स्थापिला.

पुढच्याच वर्षीं अलाबामाच्या नव्या राज्यघटनेनें बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला. ज्यास मत नाहीं, त्यानें कमाविलेली मालमत्ता राखावी कशी, असा प्रश्न विद्वान लेखक ड्युबॉइस यांनीं १९०३ सालीं वॉशिंग्टन यांस उघडपणें केला. उच्च शिक्षणाकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दलही त्यांनीं टीका केली. आम्हांस हा आक्षेप खरा वाटतो. गिऱ्हाइकाचा आदर आणि नागरिकाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरी भांडवल नसतां उद्योग कसा उभारावा, हें चिखलांत उभ्या राहिलेल्या त्या मुलांस जसें कळलें, तसें केवळ व्याख्यानानें कळलें नसतें.

१९८५ सालीं ही शाळा विद्यापीठ झाली. त्याच्या आवारांत १८९९ सालीं बांधलेलें वॉशिंग्टन यांचें घर आजही उभें आहे. त्याच्या विटा विद्यार्थ्यांनींच पाडल्या होत्या.