फळांचा बाजार आणि फळांचें चित्र

बाजार अलिबागचा असो वा रेवदंड्याचा, फळें विकावयास बसणारी बाई आपली पाटी बेतानेंच मांडते. तजेलदार बाजू वर येते, डागाळलेली बाजू खालीं जाते. गिऱ्हाइकाची दृष्टि प्रथम कोठें पडावी हें तिला पक्कें ठाऊक असतें. सतराव्या शतकांत युरोपांत बहरलेल्या बरोक शैलीच्या कित्येक चित्रकारांनीं मात्र फळाचा डागच समोर मांडला. आणि तरीहि अशा चित्रांना गिऱ्हाइकांची वाण पडली नाहीं. याचें कारण काय असावें?

फळें, फुलें, भांडीं अशा निश्चल वस्तूंनाच चित्राचा विषय करणाऱ्या प्रकाराला स्थिरवस्तुचित्र म्हणतात. इटलींतील कारावाज्जो यानें १५९९ च्या सुमारास रंगविलेली फळांची टोपली मिलान येथील अम्ब्रोसियाना संग्रहालयांत आहे. तींतील सफरचंद किडलेलें आहे, पानें कोळपून गेलीं आहेत. पिकणें आणि नासणें या एकाच क्रियेच्या दोन अवस्था होत, हें त्या टोपलीनें एकहि अक्षर न लिहितां सांगितलें आहे.

हॉलंडमध्यें चित्रकारांना चर्चकडून मिळणारें काम आटलें होतें. तेथें पुष्कळशीं चित्रें कोणाच्या आज्ञेवरून नव्हे, तर खुल्या बाजारांत विकण्यासाठीं काढलीं जात. सुखवस्तु व्यापारी तीं घेऊन आपल्या घरांत लावी. त्यांत त्याला स्वतःचा सुकाळ दिसे, आणि हा सुकाळ टिकणारा नव्हे ही जाणीवहि होई. शेजारच्या अँटवर्प शहरांतील फ्रान्स स्नायडर्स यानें तर फळांचें दुकानच रंगविलें. तें भव्य चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयांत आहे. चित्रांत बाजार आणि चित्रहि बाजारांत, अशी ती स्थिति होती.

रायगडच्या किनाऱ्याचा या चित्रांशीं असलेला संबंध समुद्रमार्गानें जुळलेला आहे. रेवदंड्यास १५२१ पासून पोर्तुगीजांचा किल्ला उभा राहूं लागला. १७४० मध्यें तो मराठ्यांच्या हातीं आला. याच पोर्तुगीजांमुळें अमेरिकेंतील अननस व काजू भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर रुजले. उलट, हिंदी महासागराच्या कांठचा नारळ त्यांच्याच जहाजांतून ब्राझीलला पोहोंचला. पुढें तेथील डच वसाहतींत १६३७ ते १६४४ पर्यंत राहिलेल्या आल्बर्ट एकहाउट यानें अननस, कलिंगड, नारळ यांचीं चित्रें काढलीं. १६५४ मध्यें तीं डेन्मार्कच्या राजास भेट मिळालीं व आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. युरोपास अनोळखी असलेलें फळ आंतून कसें असतें, हें कळावें म्हणून त्यांतील कित्येक फळें चिरून दाखविलीं आहेत.

परंतु या फळांच्या चित्रांत एक गोष्ट उमटलेली नाहीं. ती वसाहत साखरेवर चालत असे, आणि साखर आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या श्रमांवर. फळाचा गाभा दिसला, त्या सुबत्तेची किंमत दिसली नाहीं. म्हणून अशा काळचें एखादें फळांचें चित्र लिलावांत विकावयास येतें, तेव्हां केवळ सही व रंग तपासून भागत नाहीं. डाग कोठें दाखविला आहे आणि कोणाचे हात वगळले आहेत, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून त्याची पुरती पारख होत नाहीं.